त्याच्यासंग होता

नऊ मे, शुक्रवार. आरती काळमेघ सकाळी साडेनऊला क्लासवर पोचली तेव्हा नवऱ्याचा आवाज ऐकून तिला अडुसष्ट तास झाले होते. मोजायचं नाही असं ती रोज ठरवायची आणि गाडी स्टँडला लावता लावता मोजून मोकळी व्हायची. मंगळवारी दुपारी दीडला नितेशचा फोन आला होता. दोन-चार दिवस फोन बंद राहील, टीव्ही पाहू नको, एवढंच तो बोलला. बुधवारी पहाटे आपण सीमेपलीकडे हल्ले केले ते साऱ्या देशाला कळलं, आणि तेव्हापासून पुंछकडे तोफांचा मारा सुरू होता. नितेश तोफखान्यात होता आणि पुंछकडेच होता.

अमरावतीतला हा क्लास स्पर्धा परीक्षांचा. आरती तिथं मराठीचा पेपर शिकवायची आणि दर रविवारच्या सराव परीक्षेचे प्रश्न काढायची. क्लासचे मालक अनुप सर आदल्या दिवशी म्हणाले होते की सध्या वातावरण युद्धाचं आहे, तेव्हा वाक्यांचा क्रम लावायचा प्रश्न एकाहत्तरच्या लढाईवर काढा, पोरांची भाषाही होईल आणि इतिहासही. तिला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की कारण सांगावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं तर रडू फुटेल या धास्तीनं ती मान हलवून घरी गेली होती.

आता ती संगणकासमोर बसली. आधी सरळ परिच्छेद लिहायचा आणि मग तो मोडायचा, ही तिची पद्धत. तीन डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले. त्याच रात्री युद्धाला तोंड फुटलं. ते तेरा दिवस चाललं. सोळा डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. चार वाक्यांत लढाई संपली. या चार वाक्यांमध्ये किती बायका फोनकडे, तेव्हा म्हणजे पोस्टमनकडे, पाहत बसल्या असतील हे तिच्या मनात आलं आणि तिनं घाईघाईनं वाक्यं वरखाली केली. वर्गात ती एकच युक्ती पुन्हा पुन्हा सांगायची: ज्या वाक्यात ‘तो’, ‘त्याला’, ‘त्याच रात्री’ असं काही आहे ते पहिलं असूच शकत नाही. ‘तो’ म्हणजे कोण, हे सांगणारं वाक्य त्याच्या आधी कुठंतरी असलंच पाहिजे.

दहा वाजून दहा मिनिटांनी सासऱ्यांचा फोन आला. नत्थुजी चांदूर बाजारच्या पलीकडे सात किलोमीटरवर गावात राहायचे. आरतीची चार वर्षांची मुलगी प्रणाली सुट्टीत त्यांच्याकडेच होती. ते कामाशिवाय कधी फोन करत नसत. त्यांनी आधी विचारलं की ती कुठं आहे, मग विचारलं की जेवली का. सकाळी दहाला. त्यांच्या मागं बऱ्याच माणसांचा गलका होता आणि एक बाई मोठ्यानं रडत होती. तो आवाज सासूबाईंचा आहे हे आरतीनं ओळखलं.

“घरी ये,” नत्थुजी म्हणाले, आणि फोन बंद झाला.

तेवढ्यात गणिताच्या गीतांजली मॅडम हातात मोबाइल घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. आरतीनं त्यांचा चेहरा पाहिला. तिनं फाइल सेव्ह केली. मग ती सेव्ह झाली की नाही असं वाटून पुन्हा केली. मग तिनं हात पुढं केला आणि गीतांजलीनं मोबाइल दिला.

‘आपल्या तालुक्याचे सुपुत्र नितेश नत्थुजी काळमेघ यांना वीरमरण. काल दुपारी तोफेजवळ गोळा पडला. त्यांना लय लागलं होतं. गाडीत टाकून नेलं, पण काही सांगता येत नाही. सोबत अकोल्याचा संघपाल होता. भावपूर्ण श्रद्धांजली.’

खाली हात जोडलेली चित्रं होती, पंचवीस-तीस.

अनुप सरांनी गाडी काढली. गीतांजली मागं तिच्याजवळ बसली. वलगाव येईपर्यंत आरतीच्या कानात नुसता घूं घूं आवाज होत होता, आणि बाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हात तिला थंडी वाजत होती. नितेशचा नंबर ती लावत होती, आणि तीच बाई तेच सांगत होती. वलगावच्या पुढं गीतांजलीचा मोबाइल वाजला. तिनं पाहिलं आणि पटकन उलटा करून मांडीवर ठेवला.

आरतीनं तो मागितला. गीतांजलीनं आढेवेढे घेतले, पण दिला. तिच्या दर्यापूरच्या भावानं पाठवलेलं होतं. हे सजवलेलं नव्हतं. चार वेगवेगळे निरोप कोणीतरी जसेच्या तसे पुढं ढकलले होते.

‘नितेश त्याच्यासंग होता.’

‘काल दुपारी तोपेजवळ गोळा पडला.’

‘त्याले गाडीत टाकून नेलं.’

‘आता काही सांगता येत नाही.’

आरतीनं ते तीनदा वाचलं. मग तिनं पर्समधून पेन काढला आणि कुठल्याशा जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला ती चार वाक्यं उतरवली. गीतांजलीला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तिनं आरतीच्या पाठीवर हात ठेवला. आरतीनं तो झटकला.

नितेश त्याच्यासंग होता. कोणासंग? हे पहिलं वाक्य असूच शकत नाही. गोळा पडल्याचं वाक्य पहिलं. त्यानंतर कोणाचं तरी नाव यायला पाहिजे. कोणाला तरी लागल्याचं वाक्य यायला पाहिजे, आणि ते इथं नाहीच. ते गळालं. ते आलं की मग ‘नितेश त्याच्यासंग होता’, आणि मग ‘त्याले गाडीत टाकून नेलं’. ज्यानं पहिल्या निरोपात वीरमरण घातलं त्याला नाव एकच ओळखीचं दिसलं, तालुक्यातलं. त्यानं ते उचलून वर ठेवलं आणि बाकीचं त्याच्याखाली बसवलं. वीरमरण आलेल्या माणसाबद्दल ‘काही सांगता येत नाही’ असं कोण म्हणेल?

म्हणजे नितेश जिवंत असू शकत होता. आणि लगेच तिला दुसरं काहीतरी दिसलं. त्याच्यासंग म्हणजे कोणासंग, हे पहिल्या निरोपात होतं. सोबत अकोल्याचा संघपाल होता.

संघपाल आणि नितेश एकाच तोफेवर होते. देवळालीला असताना दोन्ही कुटुंबांची क्वार्टर्स लागून होती. संघपालची बायको दीक्षा नर्स. प्रणालीला पहिला ताप आला तेव्हा तीन दिवस तिनंच काढले होते. ती आता अकोल्याला असायची, सासूजवळ.

आणि त्याच क्षणी फोनवर तिचंच नाव आलं. आरतीला वाटलं, उचलू नये. तिनं उचलला.

दीक्षा आधी नुसती रडली. मग म्हणाली, “आरती, मी काय बोलू तुले? मी येऊन राहिली तुह्याकडे. दुपारच्या गाडीनं येते.” मग थोडं थांबून, हळू आवाजात, जणू काही द्यायचं म्हणून तिच्याजवळ एवढंच होतं असं म्हणाली, “संघपाल त्याच्यासंग होता म्हणते. एकटा नव्हता तो, आरती.”

सांगायची वेळ हीच होती. आरतीच्या तोंडात शब्द आले. प्रश्नपत्रिका मांडीवर होती. पण तिला पक्कं काय माहीत होतं? चार ओळी आणि एक हरवलेली ओळ. आणि आपलं चुकलं असेल तर? तर नितेश मेलेला असेल आणि संघपाल धड असेल. दोघांतला एक. आपण काय मागतोय हे तिला त्या एका क्षणात कळलं.

“तू घरीच राय,” ती कशीबशी म्हणाली. “निघू नको.” आणि फोन ठेवला.

गावात शिरतानाच फ्लेक्स दिसला. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यानं तो सकाळीच छापून आणला होता आणि दोघं जण तो पाराजवळ बांधत होते. नितेशचा गणवेशातला फोटो, खाली कालची तारीख. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत तिनंच काढलेला फोटो तो. छापलेल्या अक्षरांपुढं तिचा कागद काहीच नव्हता. आपण मनाचे खेळ करत होतो, असं तिला वाटलं. गीतांजलीनं धरून तिला दारापर्यंत नेलं.

अंगणात मांडव घातल्यासारखी माणसं. घरात बाया. आशाबाई, तिची सासू, भिंतीला टेकून बसली होती आणि डोळे उघडे असून तिला काही दिसत नव्हतं. कोपऱ्यात प्रणाली बिस्किटाचा पुडा घेऊन बसली होती. येणारा जाणारा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता आणि ती दर वेळी मान आक्रसून घेत होती. आईला पाहून ती पळत आली. म्हणाली, पप्पाचा मोठा फोटो आला.

दोन म्हाताऱ्या उठल्या. एकीनं आरतीला खाली बसवलं आणि दुसरीनं काही न बोलता तिचा डावा हात हातात घेतला. बांगड्यांवर तिची बोटं आली तेव्हा आरतीला काय चाललंय ते कळलं. तिनं हात हिसडून मागं घेतला आणि पदराखाली लपवला, लहान मुलासारखा.

“मी फोडणार नाही,” ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता.

ती उठून बाहेर सासऱ्यांजवळ गेली. नत्थुजी तुळशीजवळ खाली बसले होते. तिनं कागद त्यांच्यापुढं धरला आणि सांगितलं. एकदा सांगून त्यांना कळलं नाही. ती त्यांच्याजवळ मातीत बसली आणि बोट ठेवून पुन्हा एकेक ओळ वाचली: इथं नाव पाहिजे होतं, ते नाही, हा ‘त्याच्यासंग’ कोणासंग, ते पाहा. आपण वर्गात शिकवतो तसंच बोलतोय हे तिला जाणवत होतं आणि थांबता येत नव्हतं. भोवती लोक जमले. कोणीतरी म्हणालं, पोरीले धक्का बसला.

नत्थुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग तो जिता हाय का?”

“मले माहीत नाही, मामाजी,” ती म्हणाली. “पण तो गेला असं लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही. ते मंग कोणीतरी घातलं.”

नत्थुजी उठले. धोतराला हात पुसले आणि पाराकडे चालायला लागले. त्यांनी स्वतःच्या हातानं फ्लेक्सच्या सुतळ्या सोडल्या. सदस्य काहीतरी समजावत होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. फ्लेक्स गुंडाळून ते घरी घेऊन आले आणि कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमागं ठेवला. तिथून पुढचा तास-दीड तास तसाच गेला. लोक गेले नाहीत. रडावं की नाही हे न कळून बाया पदराचं टोक चावत बसून राहिल्या, आणि दर वेळी कोणाचा मोबाइल वाजला की अख्खं घर श्वास धरायचं. आरतीला वाटत होतं की आपण फार मोठं पाप केलं. आशाबाईच्या डोळ्यांत आता जीव आला होता, आणि तो आपण एका ‘त्याच्यासंग’वरून आणला होता. तो पुन्हा गेला तर ही बाई वाचायची नाही.

सव्वा वाजता फोन आला. मनोज, त्याच तुकडीतला, दर्यापूरचा. त्याची सुट्टी रद्द झाली होती आणि तो रेल्वेनं परत निघाला होता. वाटेत त्याला तिकडून खबर मिळाली आणि त्यानं जवानांच्या ग्रुपवर पाच निरोप टाकले. रेंज येत-जात होती. कोणता आधी पोचला, कोणता मागून, कोणता पोचलाच नाही, हे त्याला आता भोपाळच्या पुढं आल्यावर कळत होतं. तो रडकुंडीला आला होता.

“वहिनी, नितेशले खरचटलं बी नाही,” तो म्हणाला. “त्यानंच संघपालले उचलून गाडीत टाकलं. त्याच्यासंगच दवाखान्यात हाय तो.”

“आणि संघपालभाऊ?”

“पाय. ऑपरेशन चालू हाय. वाचते म्हणतात, पण पक्कं नाही.” मग त्यानं सांगितलं की साहेब सकाळपासून संघपालच्या घरी फोन लावत आहेत, पण कागदावर त्याच्या वारलेल्या वडिलांचा, जानरावांचा नंबर आहे आणि तो केव्हाचा बंद आहे. “दीक्षावहिनीले तुमी सांगान का? मले जमत नाही.”

घरात एकदम हलकल्लोळ झाला. आशाबाई हसत होती आणि रडत होती. ज्या बाया शोकाला आल्या होत्या त्याच एकमेकींना मिठ्या मारत होत्या. कोणीतरी पेढे आणायला पाठवलं. आरती मागच्या नळाजवळ गेली. मग तोंड धुतलं, प्रणालीचा मुका घेतला आणि अनुप सरांना म्हणाली की मला अकोल्याला जायचंय. ते लगेच उठले. गीतांजली प्रणालीजवळ थांबली. नत्थुजींनी डोक्याला टोपी घातली आणि न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले.

परतवाडा, अंजनगाव, अकोट. साडेतीन तासांचा रस्ता. फोन करून सांगावं असं तिला दर पाच मिनिटांनी वाटत होतं, आणि दीक्षा घरात म्हाताऱ्या सासूजवळ एकटी आहे हे आठवून ती हात मागं घेत होती. निदान स्वतःला ती तसं सांगत होती. पहिलं वाक्य कोणतं बोलायचं? नितेश जिवंत आहे, हे आधी सांगितलं तर ते मिरवल्यासारखं होईल. संघपालला लागलंय, हे आधी सांगितलं तर पुढचं तिला ऐकूच येणार नाही. ती मनात वाक्यं वरखाली करत राहिली, आणि अकोला जसजसं जवळ आलं तसतशी तिला इतकी भीती वाटायला लागली की सकाळची भीती त्यापुढं सोपी होती. सकाळी निदान ती फक्त रडणार होती.

कृषीनगरातलं घर. दीक्षानं दार उघडलं तेव्हा तिच्या पायाशी बॅग भरून तयार होती. दुपारच्या गाडीत जागा नव्हती म्हणून ती आता निघणार होती. आरतीला पाहताच तिनं तिला छातीशी घट्ट धरलं. आत सासू सुंदराबाई कुलरसमोर बसली होती, तीही डोळे पुसायला लागली.

आरतीला ठरवलेलं काहीच आठवलं नाही.

“दीक्षा, नितेश जिता हाय,” ती म्हणाली.

दीक्षाचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिनं आरतीचे दोन्ही खांदे धरले, तिच्या तोंडून हसू फुटलं. मग दारात उभ्या नत्थुजींकडे तिची नजर गेली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते खाली पाहत होते.

“मंग कोण?” दीक्षा म्हणाली.

आरतीनं सांगितलं. दीक्षा खाली बसली नाही, किंचाळली नाही. दवाखान्यात विचारावं तसं तिनं विचारलं, “पाय कोठून? गुडघ्याच्या वर का खाली?”

“मले माहीत नाही.”

“रक्त किती गेलं? किती वेळानं नेलं?”

आरतीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मनोजला तिनं हे विचारलंच नव्हतं. नितेशचं ऐकलं आणि तिचे कान बंद झाले होते.

सहा वाजायला आले होते तेव्हा दीक्षाच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. सासूलाही ऐकू यावं म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकून चौरंगावर ठेवला.

“वहिनी, मी नितेश,” आवाज आला.

आरतीनं तोंडावर हात दाबला. तो हळूहळू, एकेक गोष्ट जागेवर ठेवत बोलत होता. काल दुपारी गोळा पडला. संघपालच्या उजव्या पायाला लागलं. पाय ठेवता आला नाही, गुडघ्याच्या खाली काढला. रक्त चढवलं. दुपारी तो शुद्धीवर आला.

“बोलला का?” दीक्षानं विचारलं.

“पानी मागतलं. डॉक्टर देऊ देत नाही.” मग तो थांबला. “वहिनी, आरतीले मी अजून फोन नाही केला. आधी तुमाले केला. तिले सांगून द्या, मी बरा हावो म्हणा.”

दीक्षानं आरतीकडे पाहिलं. “अथीच हाय ते,” ती म्हणाली, आणि मोबाइल उचलून तिच्या हातात दिला. दोघांनी एकमेकांचा श्वास ऐकला आणि मग तिकडून कोणीतरी त्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लढाई थांबल्याचं जाहीर झालं. संघपाल जुलैत घरी आला, कुबड्यांवर. पुण्याला पाय बसवायची तारीख मिळाली होती. आरती त्याला भेटायला अकोल्याला गेली. तो बारीक झाला होता पण बोलत होता, नितेशच्या घोरण्याच्या गोष्टी सांगत होता. तो आत झोपायला गेल्यावर दीक्षानं भाजी निवडायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, “त्या दिवशी सकाळी तुले मालूम होतं ना? मी तुले धीर देऊन राहिली होती, आणि तू गप्प होती.”

“मालूम नव्हतं,” आरती म्हणाली. “वाटून राहिलं होतं.”

“मंग काहून नाही सांगतलं?”

सासूची काळजी, फोनवर कसं सांगायचं, असं पुष्कळ सांगता आलं असतं, आणि ते सगळं खोटंही नव्हतं.

“भेव लागलं,” ती म्हणाली. “ते तसंच निघावं असं मी मनात म्हणून राहिली होती, दीक्षा. तोच असावा, नितेश नसावा. अशा तोंडानं तुह्यासंग कशी बोलू?”

दीक्षाचे हात थांबले. आतून संघपालच्या खोकल्याचा आवाज आला. ती उठली, आत जाऊन आली, पुन्हा बसली आणि पालकाच्या काड्या मोडत राहिली. तिनं माफ केलं का, हे आरतीला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढं कधी विचारायचा धीरही झाला नाही. निघायची वेळ झाली तेव्हा दीक्षा तिला थांबवून म्हणाली, “जेवून जा. भाकरी टाकून राहिली मी.” आरती पुन्हा आत जाऊन बसली.